जगाचा कर्ता कोण? – आस्तिक, नास्तिक आणि जैन दृष्टी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बजाजनगर येथे झालेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



सुवर्णमहोत्सव हा जमाखर्च मांडण्याचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत वास्तू किती उभ्या राहिल्या, चातुर्मास किती झाले, पाठशाळेत मुले किती शिकली, याचा हिशेब अहवालात येतोच. परंतु त्या वास्तूत रोज दर्शनाला येणारा श्रावक नेमके काय मानतो, हाही हिशेब कधीतरी मांडला पाहिजे.

पाठशाळेतील मुलाला विचारावे, ‘बाळ, हे जग कोणी निर्माण केले?’ तो बहुधा ‘देवाने’ असे उत्तर देतो. घरी आजीही तेच सांगते. अभियांत्रिकी शिकून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेला त्याचा मोठा भाऊ म्हणतो, ‘देव वगैरे काही नाही, सारे आपोआप झाले आहे.’ मग त्या भावाला घरात ‘नास्तिक’ म्हणून बोल लावला जातो. दोन्ही उत्तरे जैन घरातच दिली जातात. परंतु जैन दर्शनाचे उत्तर या दोहोंपेक्षा निराळे आहे आणि ते घरात फारसे कोणाला ठाऊक नसते, ही चिंतेची गोष्ट आहे. ज्या समाजाला स्वतःच्या धर्माचा पहिला सिद्धांत सांगता येत नाही, त्याची पुढची पिढी दोन परक्या उत्तरांपैकी एक निवडणार, हे उघड आहे.

आस्तिक कोण, नास्तिक कोण?

आरंभी शब्दांचा अर्थ पाहू. ‘जो ईश्वर मानत नाही तो नास्तिक’ असा अर्थ आज रूढ आहे. प्राचीन भारतात तो एकमेव अर्थ नव्हता. पाणिनीच्या व्याकरणाच्या परंपरेत परलोक आहे असे मानणारा तो आस्तिक आणि नाही असे मानणारा तो नास्तिक. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणाऱ्यास नास्तिक म्हटले आहे. या दुसऱ्या व्याख्येने जैन आणि बौद्ध नास्तिक ठरतात, पहिल्या व्याख्येने जैन पूर्ण आस्तिक ठरतात. उलट वेदांना प्रमाण मानणाऱ्या पूर्वमीमांसेला आणि निरीश्वर सांख्यालाही जगत्कर्त्या ईश्वराची गरज भासली नाही. तरीही त्यांना कोणी नास्तिक म्हटले नाही.

जैन शास्त्रात सम्यग्दर्शनाची लक्षणे सांगताना प्रशम, संवेग, अनुकंपा यांच्याबरोबर ‘आस्तिक्य’ हा शब्द येतो. तेथे आस्तिक्य म्हणजे जीव-अजीवादी तत्त्वांवरील श्रद्धा होय. जग निर्माण करणाऱ्या कोणावर श्रद्धा असा त्याचा अर्थ नाही. म्हणून ‘देवाने जग केले असे तू मानत नाहीस, तेव्हा तू जैन नाहीस’ असे तरुणाला सांगणारी वडीलधारी मंडळी नकळत जैन सिद्धांताच्याच विरुद्ध बोलत असतात.

कापड आहे, तेव्हा विणकर आहे

ईश्वरवादी विचारवंतांचा मुख्य युक्तिवाद मोठा सुबोध आहे. न्यायदर्शनातील आचार्यांनी तो घट आणि पट या उदाहरणांनी मांडला. मडके दिसले की कुंभार असलाच पाहिजे. कापड दिसले की विणकर असलाच पाहिजे. पैठणीच्या पदरावर मोर उमटला आहे, तर तो विणणारा हात कोठेतरी आहे. मग नियमाने फिरणारे ग्रहतारे, ऋतुचक्र, प्राण्यांची देहरचना एवढे मोठे वस्त्र विणकराविना कसे होईल? दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात हा विचार अत्यंत बळकटपणे मांडला. इंग्लंडमधील विल्यम पेली या धर्मोपदेशकाने इ.स. १८०२ मध्ये हाच युक्तिवाद घड्याळ आणि घड्याळजी यांच्या उदाहरणाने केला. या युक्तिवादामागे कृतज्ञतेची भावना आहे. कोट्यवधी माणसांना त्याने आधार दिला आहे. त्याची टिंगल करणे हे जैनाचे काम नव्हे.

परंतु त्याची परीक्षा जैन आचार्यांनी केली, आणि ती परीक्षा आपल्या या भूमीशी निगडित आहे. वेरूळची लेणी ज्या राष्ट्रकूट राजवटीत बहरास आली, त्याच वंशातील सम्राट अमोघवर्ष पहिला याच्या काळात, नवव्या शतकात, दिगंबर आचार्य जिनसेन यांनी ‘आदिपुराण’ रचले. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. हा सम्राट जिनसेनांना वंदनीय मानत असे. आचार्यांच्या हातून अपूर्ण राहिलेला हा महाग्रंथ त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी पूर्ण केला.

आदिपुराणाच्या चौथ्या पर्वात जिनसेनांनी सृष्टिकर्तृत्वाची चिकित्सा केली आहे. तिचा आशय असा. जग निर्माण होण्यापूर्वी कर्ता कोठे होता? तेव्हा त्याला आधार लागला नसेल, तर आज जगाला तरी आधारासाठी त्याची गरज का? ज्याला देह नाही त्याने देहधारी, मूर्त वस्तू कशा घडवल्या? निर्मितीसाठी साहित्य लागले असेल, तर ते साहित्य कोणी निर्माण केले? ते स्वयंसिद्ध होते असे म्हणाल, तर जगच स्वयंसिद्ध मानण्यास अडचण कोणती? कर्ता कृतकृत्य आणि परिपूर्ण असेल, तर त्याला निर्मितीची इच्छा का व्हावी? आणि परिपूर्ण नसेल, तर तो ईश्वर कसा? करुणेने जग निर्माण केले असेल, तर त्यात एवढे दुःख का?

विणकराचे उदाहरण या कसोटीवर लावून पाहावे. आपल्याला ठाऊक असलेला प्रत्येक विणकर देहधारी असतो. त्याला माग लागतो, सूत लागते. आणि सुताचा कापूस त्याने निर्माण केलेला नसतो. तेव्हा कापडावरून अनुमान करायचे तर कच्चा माल आधीच अस्तित्वात होता, एवढे तरी मान्य करावे लागते. जैन दर्शन तेथेच थांबते आणि म्हणते, तो मूळ माल अनादी आहे.

या चिकित्सेची कीर्ती दूरवर गेली. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९८० च्या ‘कॉसमॉस’ या आपल्या गाजलेल्या ग्रंथात जिनसेनांच्या या विवेचनाचा उतारा घेतला. दूरदेशीच्या शास्त्रज्ञाला जे महत्त्वाचे वाटले, ते वेरूळपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या जैन मुलाला माहीत नसावे, याची खंत वाटली पाहिजे.

कर्ता नाही, तर नियम कोठून आला?

येथे ईश्वरवादी बंधू योग्य प्रश्न विचारतो. कर्ता नाही असे मानले, तर ही सुव्यवस्था कोठून आली? जैन दर्शनाचे उत्तर असे आहे की व्यवस्था वस्तूंच्या स्वभावातच आहे. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काल ही सहा द्रव्ये अनादी-अनंत आहेत. (येथे ‘धर्म’ म्हणजे गतीला साहाय्य करणारे द्रव्य आणि ‘अधर्म’ म्हणजे स्थितीला साहाय्य करणारे द्रव्य, पुण्य-पापाशी त्यांचा संबंध नाही.) प्रत्येक सत् वस्तूत उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तीनही एकाच वेळी असतात. कापसाचे सूत झाले, सुताचे कापड झाले, कापड विरले तेव्हा त्याची गोधडी झाली. प्रत्येक पायरीवर जुने रूप गेले, नवे आले, तंतू मात्र राहिला. जगाचेही तसेच आहे. अवस्था बदलतात, द्रव्य राहते; म्हणून ‘पहिला दिवस’ शोधण्याची गरज पडत नाही.

कार्य घडण्यास जैन परंपरा पाच कारणांचा समवाय मानते – काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ. मराठवाड्यातील कापसाच्या शेताचे उदाहरण घ्यावे. मृग बरसल्यावर पेरणी, हा काल, सरकीतून कपाशीच उगवते, ज्वारी उगवत नाही, हा स्वभाव, ठरल्या क्रमाने फूल, मग बोंड, ही नियती, शेतकऱ्याचे पूर्वकर्म, आणि त्याचा घाम, हा पुरुषार्थ. यांपैकी एकच कारण धरून बसणे म्हणजे एकांत. ‘सारे ईश्वरेच्छेने’ हा जसा एकांत, तसाच ‘सारे योगायोगाने’ हाही एकांतच.

नास्तिक मित्राशी सहमती कोठे, मतभेद कोठे?

महाराष्ट्रात ईश्वराविषयी शंका घेणाऱ्यांची थोर परंपरा आहे. १८८८ मध्ये ‘सुधारक’ पत्र सुरू करणारे गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते. त्यांनी नीतीचा पाया बुद्धी आणि समाजहित यांवर उभा करता येतो असे मांडले, आणि १८९५ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी देह ठेवीपर्यंत ते निष्कलंक आयुष्य जगले. डॉ. श्रीराम लागू यांनी आपली निरीश्वरवादी भूमिका आयुष्यभर उघडपणे मांडली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. देवाधर्माला समितीचा विरोध नाही, विरोध शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे, असे ते सांगत.

जगाला कर्ता नाही, हे जैन आणि निरीश्वरवादी दोघांनाही मान्य आहे. मतभेद पुढे सुरू होतो. चार्वाकापासून आजच्या भौतिकवाद्यापर्यंत अनेकांचे म्हणणे असे की चैतन्य हे जडाचेच कार्य आहे. द्रव्ये आंबवली की जशी मादकता उपजते, तशी भूतांच्या मिश्रणातून जाणीव उपजते, आणि देहाबरोबर संपते. जैन दर्शन जीव हे स्वतंत्र, अनादी द्रव्य मानते. त्यामुळे ‘जीवाची उत्पत्ती केव्हा झाली?’ हा प्रश्नच जैन दृष्टीने उद्भवत नाही. देहाची उत्पत्ती केव्हा झाली, एवढाच प्रश्न उरतो.

या वादाचा सुंदर नमुना श्वेतांबर आगमातील ‘राजप्रश्नीय’ सूत्रात आहे. श्वेतांबिका नगरीचा राजा प्रदेशी कट्टर नास्तिक होता. तो नुसता वाद घालणारा नव्हता, प्रयोग करणारा होता. त्याने एका चोराला लोखंडी कुंभीत कोंडून ती सर्व बाजूंनी बंद केली. चोर मेला, पण जीव बाहेर गेल्याचे छिद्र कुंभीला कोठेच दिसले नाही. दुसऱ्याचे त्याने जिवंतपणी आणि मृत्यूनंतर वजन केले; फरक पडला नाही. तिसऱ्याच्या देहाचे तुकडे करून जीव शोधला, सापडला नाही. पार्श्वनाथ परंपरेतील केशीकुमार श्रमणांपुढे त्याने हे सारे मांडले. केशीस्वामींनी त्याला पापी म्हणून हाकलले नाही. ते म्हणाले, बंद घरात वाजवलेल्या भेरीचा नाद बाहेर येतो, भिंतीला छिद्र पडत नाही. वारा भरलेल्या आणि रिकाम्या पिशवीच्या वजनात फरक दिसत नाही. लाकडात अग्नी आहे म्हणून लाकडाचे तुकडे करत बसणाऱ्याला तो सापडत नाही. संवाद दीर्घकाळ चालला आणि अखेर राजा श्रावक झाला.

हे दृष्टांत प्रयोगशाळेतील पुरावे नव्हेत. नाद भिंतीच्या कंपनाने बाहेर येतो, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु या कथेची थोरवी दृष्टांतांत नसून संवादात आहे. आगमांनी नास्तिकाचे आक्षेप लपवले नाहीत. त्याच्या पूर्ण ताकदीनिशी नोंदवून ठेवले. प्रश्नकर्त्याला भरपूर वेळ दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली, तेव्हा विचाराचे उत्तर शस्त्राने देण्याची रीत किती हीन आहे हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्यांची वाट केशीस्वामींचीच असली पाहिजे.

विज्ञान काय सांगते?

विज्ञानाच्या आजच्या मान्य मतानुसार विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय दाट व तप्त अवस्थेतून प्रसरण पावू लागले. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे असून सजीवांच्या खुणा निदान ३५० कोटी वर्षांपूर्वीपासूनच्या आहेत. १८५९ मध्ये डार्विनने निसर्गनिवडीचा सिद्धांत मांडला आणि प्राण्यांच्या देहरचनेतील सुबकता घड्याळजीशिवाय कशी साकारते, याचे स्पष्टीकरण दिले. १९५३ मध्ये अमेरिकेत स्टॅनली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्ले मिळवली. प्रथिनांच्या या विटा होत. पण विटा म्हणजे घर नव्हे. निर्जीव रसायनांपासून पहिली सजीव पेशी कशी घडली, यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही.

या संदर्भात कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर यांचे कार्य मननीय आहे. फ्रेड हॉइल यांचे शिष्य असलेल्या नारळीकरांनी महास्फोटाच्या कल्पनेला पर्याय म्हणून आरंभ नसलेल्या विश्वाचा पुरस्कार केला. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासमवेत त्यांनी त्या सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. जीवसृष्टीची बीजे अंतराळातून आली असावीत काय, हे तपासण्यासाठी त्यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेण्यात आले. २००५ च्या दुसऱ्या उड्डाणात जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. परंतु त्या पृथ्वीबाहेरून आल्या हे यावरून सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट केले गेले. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले. अल्पमतात राहूनही आपले मत पुराव्याच्या कसोटीवर लावत राहणे, हा त्यांचा वारसा होय.

आरंभ नसलेले विश्व म्हटले की ‘पाहा, विज्ञानाने जैन धर्म सिद्ध केला’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाचा सिद्धांतच मानतात. आज एका सिद्धांताच्या खुंटीला धर्म टांगला, तर उद्या ती खुंटी निखळल्यावर धर्मही खाली येईल. जंबूद्वीपाचे वर्णन आणि दुर्बिणीतून दिसणारे आकाश यांची ओढून-ताणून बेरीज करण्याचेही कारण नाही. उद्या प्रयोगशाळेत पेशी तयार झाली, तरी जैन विचार कोसळत नाही. योग्य पुद्गल एकत्र आले की मातापित्यांविना जीव देह धारण करतो, असा संमूर्च्छन जन्म शास्त्राने सांगितलाच आहे. मात्र भौतिकवादी म्हणेल, ‘मग तुमचा जीव कोणत्याच उपकरणाने तपासता येत नाही.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिक असावे. जीवाचे लक्षण उपयोग, म्हणजे जाणणे आणि पाहणे. जो जाणतो त्याचा प्रत्यय अनुभवातून येतो, तराजूतून नव्हे.

न्यायाधीश नाही, तर फळ कोण देतो?

नैयायिकांचा आणखी एक आक्षेप आहे. कर्म जड आहे. देखरेख करणारा नसेल तर त्याचे फळ योग्य माणसाला योग्य वेळी कसे मिळेल? जैन आचार्य म्हणतात, मद्य पिणाऱ्याला नशा चढण्यासाठी न्यायाधीश लागत नाही. विष आणि औषध आपापल्या स्वभावाने परिणाम करतात. कर्माचेही तसेच.

येथेच या सिद्धांताची खरी जबाबदारी सुरू होते. ईश्वर मानणाऱ्याला क्षमेची याचना करता येते. देहाबरोबर सारे संपते असे मानणाऱ्याला वाटू शकते की मृत्यूनंतर वही बंद. जैनाला या दोन्ही सवलती नाहीत. त्याची खातेवही तोच लिहितो, तोच फेडतो. नवस बोलून थकबाकी माफ होत नाही. तीर्थंकर जग निर्माण करत नाहीत, नफा-तोटा देत नाहीत. ते मार्ग दाखवतात. वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात वेलींनी वेढलेले बाहुबली आणि उपसर्गातही अविचल उभे असलेले पार्श्वनाथ पाहावेत. ते कोणाला वर देत नाहीत. स्वतःला जिंकलेला मनुष्य कसा दिसतो, एवढेच ते दाखवतात. म्हणून परीक्षेतील गुण किंवा दुकानाची विक्री मागण्यासाठी मंदिरात उभा राहणारा श्रावक मंदिराचा हेतूच विसरतो.

या सिद्धांताचा एक दुरुपयोगही होतो, त्याचा उच्चार टाळता येणार नाही. कारखान्यातील टाळेबंदीत नोकरी गेलेल्या कामगाराकडे किंवा कर्जात बुडालेल्या कापूस उत्पादकाकडे पाहून ‘त्याचे कर्म’ असे म्हणून मोकळे होणे, हा जैन धर्म नव्हे. कर्मसिद्धांत स्वतःची वही वाचण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या वहीत डोकावण्यासाठी नाही. दुसऱ्याचे दुःख दिसले की अनुकंपा हेच सम्यक्त्वाचे लक्षण. आगरकर ईश्वराविना जे कर्तव्य सांगत होते, ते कर्तव्य जैनालाही चुकलेले नाही.

पुढील पन्नास वर्षांसाठी

वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन अशी चौतीस लेणी एकाच डोंगरात शेजारी शेजारी उभी आहेत. ज्या अमोघवर्षाने जिनसेनांना वंदन केले, त्यानेच प्रजेवरील संकट टळावे म्हणून महालक्ष्मीला आपले बोट अर्पण केल्याचे संजाण ताम्रपटात म्हटले आहे. मतभेद ठेवूनही शेजार कसा राखावा, हे या भूमीला शिकवावे लागत नाही. विठ्ठलाला मायबाप मानणाऱ्या वारकऱ्याच्या श्रद्धेचा जैनाने आदर करावा, आणि आपले निराळे उत्तरही नम्रपणे व स्पष्टपणे सांगावे. अनेकांत म्हणजे सर्वांच्या होला हो मिळवणे नव्हे; दुसऱ्याच्या म्हणण्यातील सत्यांश ओळखूनच आपले मत मांडणे होय.

त्यासाठी ट्रस्टने दोन गोष्टी अवश्य कराव्यात. पाठशाळेत महिन्यातून एक तास केवळ प्रश्नांसाठी राखावा आणि त्या तासाला कोणत्याही प्रश्नाबद्दल मुलाला रागावू नये. वर्षातून एकदा मुलांना वेरूळला न्यावे आणि तेथे जिनसेनांचे प्रश्न त्यांना मराठीत समजावून सांगावेत. ‘देवाने’ आणि ‘आपोआप’ या दोन उत्तरांच्या पलीकडे तिसरे उत्तर आहे आणि ते आपल्या पूर्वजांनी अकराशे वर्षांपूर्वी याच राष्ट्रकूटांच्या राज्यात निर्भयपणे मांडले आहे, हे ज्या मुलाला कळेल, तो श्रद्धेला घाबरणार नाही आणि शंकेलाही घाबरणार नाही. असे शंभर श्रावक घडले, तर सुवर्णमहोत्सव सार्थकी लागेल.

जय जिनेंद्र!